करन्सी, करंट, कोर्स, कुरिअर: एकाच लॅटिन घरातले इंग्रजी शब्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिक रोडला संध्याकाळच्या वर्गात मी इंग्रजी शिकवतो. बरीचशी मुलं स्पर्धा परीक्षेची, काही बँकेच्या परीक्षेची, दोन-तीन गृहिणी आणि एक निवृत्त काका, जे केवळ प्रश्न विचारायला येतात असा माझा संशय आहे. शब्द पाठ होत नाहीत ही सगळ्यांची एकच रड. त्यावर मी शब्दांची घराणी शिकवतो, आणि दर बॅचला तेच तेच प्रश्न येतात. फळ्यावर लिहून लिहून कंटाळलो, म्हणून उत्तरं इथे मांडली आहेत.

सुरुवात नेहमी करन्सी नोट प्रेसच्या नावापासूनच का करता?

कारण ते नाव नाशिक रोडच्या प्रत्येकाच्या तोंडात आहे. इथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. आमच्याकडे नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. ‘मुलगा प्रेसला आहे’ एवढं सांगितलं की एके काळी स्थळाची अर्धी चौकशी तिथेच संपायची.

तीन शब्दांचं नाव आणि तिन्ही शब्द लॅटिनमधून आलेले. ‘करन्सी’ धावण्याच्या क्रियापदातून, ‘नोट’ खूण या अर्थाच्या ‘नोता’तून, ‘प्रेस’ दाबण्याच्या क्रियापदातून. यातल्या ‘नोट’चं फार काही सांगण्यासारखं नाही. खूण, खुणेवरून टिपण, टिपणावरून लेखी वचन आणि त्यावरून बँकेची नोट. नोटरी त्याच घरचा. बाकीच्या दोघांवर मात्र आठवडा जातो.

पण त्याआधी मी मुलांना याच छापखान्याचं हिंदी नाव विचारतो. रोज त्या रस्त्याने येणाऱ्यांनाही ते चटकन सांगता येत नाही. ते आहे ‘चलार्थ पत्र मुद्रणालय’. त्यातला ‘चल’ नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

करन्सीचा धावण्याशी काय संबंध?

लॅटिनमध्ये ‘कुर्रेरे’ म्हणजे धावणे. पाणी धावतं तसा पैसाही या हातातून त्या हातात धावतो, म्हणून करन्सी. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नुसता ‘वाहतं असणं’ एवढाच होता. शतक संपता संपता तो पैशाच्या फिरण्याला लावला जाऊ लागला आणि मग खुद्द पैशालाच चिकटला. थोडक्यात, तिजोरीत कुलूप लावून ठेवलेली नोट तिच्या नावाला जागत नाही. हे वाक्य काकांना फार आवडतं, ते घरी जाऊन काकूंना ऐकवतात.

या घराण्यात आणखी कोण कोण आहे?

तुमचा एक दिवसच बघा ना. ओल्या हाताने बटण दाबलं आणि करंट बसला. करंट म्हणजे वाहणारा. आधी नदीच्या, समुद्राच्या प्रवाहाला हा शब्द होता, अठराव्या शतकात तो विजेलाही लागला. दारावर कुरिअर आला, म्हणजे निरोप घेऊन धावणारा. क्लासला आलात तो कोर्स, म्हणजे धावण्याचा मार्ग. घोड्यांचा रेसकोर्स आणि बँकिंगचा कोर्स या हिशेबाने एकच. संगणकाच्या पडद्यावर लुकलुकतो तो कर्सर. लॅटिनमध्ये कर्सर म्हणजे धावपळ करणारा निरोप्या. इंग्रजीत मोजमापाच्या उपकरणावर मागेपुढे सरकणाऱ्या भागाला ते नाव मिळालं आणि संगणक आल्यावर ते पडद्यावर गेलं. ऑफिसातला कॉरिडॉर इटालियन भाषेतून आला, तोही धावायची जागा. कॉलेजात असताना कॉरिडॉरमध्ये धावलो म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. तेव्हा ही व्युत्पत्ती ठाऊक असती तर निदान एक युक्तिवाद हाताशी असता.

करिक्युलम लॅटिनमध्ये शर्यतीची धाव होती आणि शर्यतीचा रथही. नोकरीच्या अर्जाला जोडतो तो सीव्ही, म्हणजे करिक्युलम व्हिटे, तो अक्षरशः ‘आयुष्याची धाव’. एक्स्कर्शन म्हणजे बाहेर धावणं, म्हणजे सहल. इन्कर्शन म्हणजे आत धावून येणं, सीमेवरच्या बातम्यांत वाचता ती घुसखोरी. प्रिकर्सर पुढे धावणारा. कर्सरी लुक म्हणजे आपली धावती नजर, अगदी जशीच्या तशी. आणि कर्सिव्ह रायटिंग म्हणजे हात न उचलता धावत लिहिलेलं अक्षर. आपल्याकडे मोडी त्याच गरजेतून रुळली. हात वर न उचलता, झपाझप. तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्या उघडून बघितल्यात तर कर्सिव्ह म्हणजे काय ते निराळं शिकवावं लागणार नाही.

मराठीत याच्या तोडीचं काही आहे का?

आहे, आणि या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात रस आहे तो इथेच.

करन्सीला आपण काय म्हणतो? चलन. करंट अकाउंटला? चालू खातं. करंट अफेअर्सला? चालू घडामोडी. करंट मंथ म्हणजे चालू महिना. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी धावते आहे आणि मराठी चालते आहे. यातले काही शब्द सरकारी भाषांतरकारांनी घडवले असतील, पण ‘हे नाणं आता चालत नाही’ हे वाक्य काही कुठल्या समितीने ठरवलेलं नाही. बाजारातल्या बाईला पैसा हा चालणारा पदार्थ आहे हे उपजतच माहीत असतं. नोटाबंदीच्या दिवसांत रविवार कारंज्यावर भाजी घेताना ‘पाचशेची चालणार नाही हं’ हे मी इतक्यांदा ऐकलं, की करन्सीची व्युत्पत्ती शिकवायला दुसरं उदाहरण शोधावंच लागलं नाही.

करिक्युलमला आपण अभ्यासक्रम म्हणतो. त्यातला ‘क्रम’ म्हणजे पाऊल टाकणं. तिथेही इंग्रजी पळाली, आपण पायी गेलो.

मुलांना मी सांगतो की इंग्रजी शब्द अडला तर आधी त्याचा मराठी जोडीदार उकलून बघा. निम्म्या वेळा आतलं चित्र एकच निघतं. निम्म्या वेळा निघत नाही, तेही पाहण्यासारखं असतं. ‘तो माणूस फार चालू आहे’ याचं इंग्रजी करताना एकाने ‘ही इज व्हेरी करंट’ लिहिलं होतं. मी अर्धा गुण दिला, हसवल्याबद्दल.

मूळ एकच, तर कोर्स आणि कर्सर इतके वेगळे का दिसतात?

तत्सम आणि तद्भव शाळेत शिकलात ना? हस्त आणि हात, कर्ण आणि कान, दुग्ध आणि दूध. एक पोथीतून सरळ उचललेला, दुसरा शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात झिजलेला. इंग्रजीतही हुबेहूब तेच झालं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच आली. फ्रेंच म्हणजे तोंडात झिजलेली लॅटिनच. त्या दाराने कोर्स आणि करंट आले. पुढे पंडितांनी ग्रंथांतून लॅटिन शब्द थेट उचलले, त्या दाराने कर्सर आणि करिक्युलम आले. कोर्स हा इंग्रजीतला तद्भव समजा, कर्सर तत्सम. आपल्याकडे एकाच घरात ‘हात’ आणि ‘हस्ताक्षर’ सुखाने नांदतात, तसंच त्यांचं.

ऑकर, कॉन्कर, इन्कर, रिकर यांत गोंधळ होतो. कसे लक्षात ठेवू?

उपसर्ग लावून बघा. ‘हृ’ धातूला आ, वि, सं, प्र लावले की आहार, विहार, संहार, प्रहार होतात, हे आपण चौथी-पाचवीपासून ऐकतो. हा तोच खेळ आहे.

‘री’ म्हणजे पुन्हा. रिकर, पुन्हा धावून येणं. ताप उलटला, तीच चूक परत झाली. ‘कॉन’ म्हणजे सोबत. कॉन्कर, सोबत धावणं, म्हणजे सहमत होणं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली कॉन्करंट लिस्ट म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही ज्या विषयांवर धावू शकतात ती समवर्ती सूची. न्यायालयात शिक्षा कॉन्करंट असतील तर आरोपी त्या एकदमच भोगतो, एक संपल्यावर दुसरी नाही. आमच्या वर्गात एकाने हे ‘काँकर’ म्हणजे जिंकणे याच्याशी जोडलं होतं. उच्चार जवळचा, पण काँकर निराळ्या घरचा आहे. ‘इन’ म्हणजे आत. इन्कर, एखाद्या गोष्टीत जाऊन आदळणं, म्हणून तोटा इन्कर होतो, खर्च इन्कर होतो. नफा कधी इन्कर होत नाही, हे परीक्षेत विचारतात.

ऑकर म्हणजे घडणं. त्यात मूळचा उपसर्ग ‘ऑब’ आहे, सामोरं या अर्थाचा. मग ब गेला कुठे? इथे संधी आठवा. उत् अधिक चार याचा उच्चार होतो, सत् अधिक जन याचा सज्जन. पुढच्या व्यंजनाने मागच्याला आपल्यासारखं करून टाकलं. लॅटिनमध्येही ‘ऑब’मधल्या ब ला पुढच्या क ने ओढलं आणि दोन सी जमा झाले. ‘सब’ अधिक कुर्रेरे याचं सकर झालं, मदतीला खाली धावून येणं. हा शब्द वर्तमानपत्रात फारसा दिसत नाही, शब्दसंग्रहाच्या प्रश्नात हटकून येतो.

ज्यांना संस्कृत संधी येतात त्यांना हा भाग पाच मिनिटांत समजतो. ज्यांनी दहावीला ‘शंभर टक्के मार्क पडतात’ म्हणून संस्कृत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विसरले, त्यांना वेळ लागतो.

इम्प्रेसमध्ये एम का आणि इन्कर्शनमध्ये एन का, हाही प्रश्न येतो. ‘कंप’ आणि ‘कंद’ मोठ्याने म्हणा. एकाच अनुस्वाराचा प च्या आधी म होतो आणि द च्या आधी न. तुमच्या ओठांना हा नियम कुणी शिकवलेला नाही. रोमन माणसाच्या ओठांनाही नव्हता.

स्पेलिंगमध्ये एक आर की दोन?

‘ऑकरन्स’ हा शब्द मी तपासलेल्या वह्यांत सर्वांत जास्त वेळा चुकलेला आहे. दोन सी, दोन आर. कारण वर सांगितलं, एक सी ऑबच्या ब ची आणि दोन आर कुर्रेरेचे. करिक्युलम, करन्सी, करंट या सगळ्यांत दोन आर. क्रियापद ‘ऑकर’ एकट्याने उभं असलं की एकच आर उरतो, शेपटी लागली की दुसरा परत येतो. कोर्स, कर्सर, एक्स्कर्शन यांत मात्र एक आर आणि त्यामागे एस. लॅटिनमध्येच त्या क्रियापदाची दोन रूपं होती, एक ‘कुर्र’ आणि एक ‘कुर्स’, ती इथे दिसतात.

आणि एक आर असून एस नाही, तर ते बहुतेक दुसरं घराणं. क्युरिअस, क्युरेटर, अ‍ॅक्युरेट, सिक्युअर. ते खाली येतंच आहे.

रिकरिंग डिपॉझिटमधला रिकरिंग हाच का?

हाच. दर महिन्याला हप्ता पुन्हा धावून येतो. मराठीत आवर्ती ठेव. इथे मराठी चालत नाही, वळते. ‘वृत्’ म्हणजे फिरणं.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नाशिकला ठेवीचा इतिहास बँकांपेक्षा बराच जुना आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) ‘अक्षय नीवी’ ठेवली, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भिक्षूंचा खर्च चालवायचा. त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे, दरमहा शेकडा १ दराने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा पाऊण टक्क्याने. म्हणजे ही झाली मुदत ठेव, तीही कधीच न मोडायची. रिकरिंग इथे फक्त व्याज होतं. बँकेच्या परीक्षेची मुलं हे ऐकून एकदम जागी होतात.

प्रेस म्हणजे छापखाना, वर्तमानपत्र की इस्त्री?

तिन्ही, आणि द्राक्षं पिळायचं यंत्रसुद्धा. लॅटिन ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे, त्याचं भूतकाळी रूप ‘प्रेस्सुस’. छापखान्याच्या आधी युरोपात प्रेस हे द्राक्षं नि ऑलिव्ह पिळायचं यंत्र होतं. मोठा लाकडी स्क्रू फिरवायचा, फळी खाली उतरते, रस गळतो. पंधराव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीतल्या माइन्त्स गावी गुटेनबर्गने छपाई उभी केली, तीही अशाच स्क्रूच्या दाबावर. माइन्त्स ऱ्हाइन नदीकाठचं, द्राक्षाच्याच मुलखातलं. स्क्रूखाली द्राक्षाऐवजी शाई लावलेले अक्षरांचे खिळे आणि कागद आले. दाबणाऱ्या यंत्राचं नाव छापखान्याला, छापखान्याचं वर्तमानपत्राला, वर्तमानपत्राचं पत्रकारांना.

एका बाजूला दिंडोरीच्या वायनरीत द्राक्ष पिळणारा प्रेस, दुसऱ्या बाजूला नाशिक रोडला नोटा छापणारा प्रेस, आणि मधल्या रस्त्यावर ‘कपडे प्रेस करून मिळतील’ची टपरी. एका लॅटिन क्रियापदाचा इतका संसार एका तालुक्याच्या अंतरात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

‘प्रिंट’सुद्धा याच प्रेमेरेचा, फ्रेंच तोंडात झिजून आलेला. म्हणजे प्रिंटिंग प्रेस या जोडीत दोन्ही शब्द एकाच आईचे.

बाकी कुटुंब उपसर्गांनी ओळखा. डिप्रेस खाली दाबणं, सप्रेस दडपणं (मराठीतही दाबच), इम्प्रेस मनावर ठसा उमटवणं, कॉम्प्रेस एकत्र दाबणं, म्हणून फ्रिजचा कॉम्प्रेसर. ऑप्रेस छळणं. प्रेशर कुकर सांगायला नको. रिप्रिमांड, म्हणजे वरिष्ठांनी दिलेली समज, तीही इथलीच, दाबून ठेवायची गोष्ट.

मग पंचवटी एक्सप्रेसमध्ये कोण कुणाला दाबतं?

सकाळच्या गर्दीत सगळेच सगळ्यांना. पण शब्दाचा प्रवास वेगळा आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. एक्सप्रेस म्हणजे दाबून बाहेर काढलेलं. मनातलं शब्दांत बाहेर काढलं की ते झालं व्यक्त करणं. व्यक्त केलेलं म्हणजे स्पष्ट, मुद्दाम सांगितलेलं. त्यावरून मुद्दाम एखाद्या कामासाठी ठेवलेलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ठरावीक गावासाठी मुद्दाम सोडलेली गाडी एक्सप्रेस म्हणवली गेली. अशी गाडी वाटेत फारशी थांबत नाही, म्हणून ती जलद. पुढे लोक मुद्दामपण विसरले आणि वेग तेवढा राहिला. कॉलेज रोडवर मिळणारी एस्प्रेसो कॉफी इटालियन, तीही दाबून बाहेर काढलेलीच.

सोसायटीच्या गेटवरच्या माणसाला सिक्युरिटी म्हणतात. त्याचं मूळ?

‘से’ म्हणजे वाचून, विना. ‘कुरा’ म्हणजे काळजी, चिंता. सिक्युअर म्हणजे निश्चिंत. नुसता अर्थ जुळत नाही, शब्दाची बांधणीही तीच आहे. निः अधिक चिंता, से अधिक कुरा. आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे मामा खुर्चीत मान टाकून घोरत असतात तेव्हा ते शब्दाच्या मूळ अर्थाने पूर्णपणे सिक्युअर असतात.

शुअर हा त्याच सिक्युअरचा झिजलेला अवतार, त्यावरून अ‍ॅश्युअर, इन्शुरन्स. क्युअर, क्युरेटर, मॅनिक्युअर, पेडिक्युअर, सगळीकडे काळजी. अ‍ॅक्युरेट म्हणजे काळजीपूर्वक केलेलं. क्युरिअस आधी काळजी करणारा होता, मग चौकशी करणारा झाला. आपल्या शेजाऱ्यांकडे बघून हा बदल कसा झाला असेल ते सहज समजतं.

इथे एक सापळा. इंग्रजी ‘केअर’ हा कुरामधून आलेला नाही. अर्थ तोच, आवाज तसाच, पण तो इंग्रजीचा स्वतःचा जर्मानिक शब्द आहे आणि मुळात त्याचा अर्थ दुःख असा होता.

असे आणखी सापळे कोणते?

पहिला मी स्वतः पडलेला. ‘रिसोर्स’ हा शब्द मी तीन वर्षं कुर्रेरेच्या घरात बसवून शिकवत होतो. रिकोर्स कुर्रेरेचा आहे ना, मग रिसोर्सही असणारच, असा सरळ हिशेब. एका मुलीने घरी शब्दकोश उघडून बघितला आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात विचारलं, “सर, हा तर उसळून वर येण्याच्या क्रियापदातून आलाय असं लिहिलंय.” तिचं बरोबर होतं. सोर्स आणि रिसोर्स ‘सुर्गेरे’चे, म्हणजे झऱ्यासारखं वर येणं. त्या तीन वर्षांतल्या विद्यार्थ्यांची इथे जाहीर माफी.

‘कर्फ्यू’ फ्रेंचमधल्या ‘कुव्र फू’चा, म्हणजे आग झाका. रात्री ठरल्या वेळी घंटा झाली की चुलीतले निखारे झाकायचे. धावण्याशी संबंध नाही, उलट कर्फ्यूत धावलात तर पंचाईत. ‘करी’ दक्षिण भारतातली, तमिळ.

कार आणि करिअर?

अर्धवट नातेवाईक. कार ‘कार्रुस’ या शब्दातून, तो रोमनांनी गॉल लोकांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या जुन्या रहिवाशांकडून, उचललेला गाडीचा शब्द. करिअर म्हणजे गाडीची वाट. कार्गो, चार्ज, कॅरी सगळे गाडीवर लादण्यातून. मोबाइल चार्ज करणं म्हणजे मुळात बैलगाडी भरणं. गॉल भाषेतला तो शब्द आणि लॅटिन कुर्रेरे यांचा आजा एकच मानतात, पण कार कुर्रेरेची मुलगी नव्हे, चुलत बहीण.

लॅटिन ही संस्कृतातूनच आली ना सर?

हा काकांचा प्रश्न. दर बॅचला, न चुकता.

नाही. दोघी बहिणी आहेत, आई-मुलगी नाहीत. कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्स यांनी १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्यांचं मूळ एकच असलं पाहिजे, आणि ते मूळ आता कदाचित उरलेलं नाही. नंतरच्या भाषाशास्त्राने ते सिद्ध केलं.

पुरावा लांब शोधायला नको. त्र्यंबकमधला त्रि, पंचवटीतला पंच, सप्तशृंगीतला सप्त. लॅटिनमध्ये त्रेस, क्विंक्वे, सेप्तेम. सेप्तेमवरून सप्टेंबर, कारण जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं आणि तो सातवा महिना होता. आणि खुद्द नाशिक! लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिका, नासिक, असं आपण ऐकत आलो. ‘नासिक नव टेकांवर वसविले’ असं म्हणणारेही आहेत, त्या वादात मी पडत नाही. पण नासिका आणि लॅटिन ‘नासुस’ एकाच कुळातले, यात वाद नाही. नासुसवरून नेझल स्प्रेमधला नेझल आला. इंग्रजीचा स्वतःचा नोज हाही त्याच कुळातला, लॅटिनची मदत न घेता आलेला.

मात्र आवाज जुळला की नातं जुळलं असं नव्हे. ‘चर्’ आणि कुर्रेरे, दोन्हींत हालचाल, तरी नातं नाही. ‘चर्’चे नातेवाईक भलतेच निघतात. चक्र, इंग्रजी व्हील, आणि लॅटिनमधून आलेला कल्चर. अ‍ॅग्रिकल्चरमधला कल्चर आणि आपला चर एका रक्ताचे, करंट आणि चर नाहीत. हे ऐकून काका थोडे नाराज होतात, पण चक्रामुळे समाधान होतं.

मूळ माहीत असलं की अर्थ नेहमी ओळखता येतो का?

नाही हो. मूळ म्हणजे पत्ता नाही, गल्लीचं नाव आहे. ‘ऑफ कोर्स’चा अर्थ ‘धावण्याच्या मार्गाचा’ असा लावलात तर काय हाती लागणार? गोष्टींच्या नेहमीच्या ओघात, म्हणजे अर्थातच, हा अर्थ वापरातूनच कळतो. वहीत शब्दाबरोबर एक वाक्य लिहायचंच. मी उलट्या बाजूने जातो, आधी वाक्य, मग अर्थ, मूळ शेवटी. मूळ आधी दिलं की मुलं अर्थ मनाने बनवतात.

लॅटिन शिकावी लागेल का?

नाही. चाळीसेक मुळं आणि पंधरा उपसर्ग पुरतात. परीक्षेला त्याहून जास्त लागत नाही.

वाइन आणि वाइन, स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. असं का?

उच्चार एक आपल्या तोंडात. द्राक्षाचा वेल तो व्हीने सुरू होणारा, दारू ती डब्ल्यूने. मराठीत दोघांना एकच व. मूळ दोघांचं लॅटिन ‘वीनुम’. जुन्या रोमन लोकांचा व ओठ गोल करून म्हटलेला, डब्ल्यूसारखा होता. त्या काळात व्यापाऱ्यांकडून दारूबरोबर तिचं नाव उत्तरेकडच्या लोकांनी घेतलं, तो डब्ल्यू आजतागायत टिकला. पुढे लॅटिनचा उच्चार बदलून व्ही झाला, आणि नॉर्मनांनंतर फ्रेंचमधून वेलीचं नाव आलं ते व्ही घेऊन. एकाच घरातून दोनदा उधार, मध्ये शेकडो वर्षं. व्हिनेगर म्हणजे आंबट वाइन, व्हिंटेज म्हणजे द्राक्षाची तोडणी. जुन्या मोटारींना व्हिंटेज म्हणतात तेव्हा तोडणीचं साल पाहून वाइनची किंमत करायची सवय मोटारीला लावलेली असते.

आणि ब्लॅक करंट? त्यातही वीज?

निफाडकडच्या एका मुलाने हे विचारलं, वडिलांची द्राक्षबाग आहे. आइसक्रीमच्या डब्यावर वाचून आला होता. या करंटचं स्पेलिंग ‘ए’ने, विजेच्या करंटचं ‘ई’ने, आणि दोघांचा काडीचा संबंध नाही. ग्रीसमधल्या कोरिंथ गावाहून बारीक, बिनबियांच्या मनुका युरोपात जायच्या. फ्रेंच लोक त्यांना कोरिंथच्या मनुका म्हणत. इंग्रजांच्या तोंडात मनुका गळल्या आणि कोरिंथ तेवढं राहिलं, झिजून करंट झालं. पुढे उत्तरेकडच्या एका झुडपाची बारीक फळं त्या मनुकांसारखी दिसतात म्हणून त्यांनाही तेच नाव दिलं. ब्लॅक करंट म्हणजे ते झुडपाचं फळ, द्राक्ष नव्हेच.

आपला बेदाणा फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे विना, ‘दाणा’ म्हणजे बी.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा सांगत होता, घरी हे सगळं वडिलांना ऐकवलं. कोरिंथ, फ्रेंच, इंग्रज, झुडूप. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाव काय होता त्यांच्याकडं?”